नवव्या मजल्यावरील आगीनंतर : एका इमारतीच्या दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२४

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेने आगीनंतरच्या दुरुस्तीसाठी आमची सल्लागार म्हणून नेमणूक केली आहे. पंचनाम्याची प्रत आज हाती आली, त्यामुळे इमारत प्रथमच गच्चीपासून पंपरूमपर्यंत सलग पाहता आली. खाली पार्किंग, वर चौदा मजले आणि प्रत्येक मजल्यावर चार सदनिका अशी ही १९९४ साली पूर्ण झालेली इमारत आहे. डिसेंबरच्या अखेरीस नवव्या मजल्यावरील एका सदनिकेत आग लागली आणि ती सदनिका पूर्ण जळाली. धूर मात्र जिन्यातून कमी आणि इलेक्ट्रिक डक्टमधून, म्हणजे केबलसाठीच्या उभ्या पोकळीतून, जास्त चढला व थेट चौदाव्या मजल्यापर्यंत पोहोचला. प्राणहानी झाली नाही.

समितीने आमच्या येण्यापूर्वीच नुकसानीची यादी करून ठेवली होती, आणि ती भिंतींच्या काळेपणावरून केलेली होती. बारावा, तेरावा आणि चौदावा मजला काजळीने माखलेले असल्यामुळे त्यांची नोंद ‘मोठे नुकसान’ अशी होती. जळालेल्या घराच्या बरोबर वरचे, दहाव्या मजल्यावरील घर खिडक्या बंद राहिल्यामुळे आतून जवळजवळ स्वच्छ होते, म्हणून त्याच्यापुढे ‘किरकोळ’ असे लिहिले होते. ही यादी तूर्त बाजूला ठेवण्याची विनंती आम्ही केली. काजळी धूर कुठून गेला ते सांगते, पण काँक्रीट किती तापले हे सांगत नाही. दहाव्या मजल्यावरील त्या घराची फरशी ज्या स्लॅबवर आहे तोच स्लॅब खालच्या जळालेल्या घराचे छत आहे, त्यामुळे चाचण्या होईपर्यंत ते घर रिकामे ठेवावे आणि तेथे माळ्यावरचे सामान हलवण्यासाठीसुद्धा कोणी जाऊ नये, असे लेखी कळवले.

त्या घरातील काकांना हा निर्णय अन्यायाचा वाटला, आणि त्यांच्या जागी कोणालाही तसेच वाटले असते. चौदाव्या मजल्यावरची काळीकुट्ट घरे धुऊन पुसून राहायला मोकळी होणार आणि त्यांचे पांढरेशुभ्र घर कुलूपबंद राहणार, हे समजावून सांगण्यात संध्याकाळ गेली.

१५ जानेवारी

मलबा उचलण्याआधी तो वाचून घेण्याचे काम आज केले. आगीत नेमके किती तापमान झाले होते हे कोणी मोजून ठेवलेले नसते, परंतु घरातल्या वस्तू त्याची साक्ष देतात. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १०८५ अंशांच्या सुमारास आणि पितळ त्याच्या मिश्रणानुसार साधारण ९०० अंशांच्या पुढे वितळते. हॉलमधील सरकत्या खिडक्यांच्या ॲल्युमिनियम चौकटी वितळून खिडकीच्या ओट्यावर थिजलेल्या आढळल्या. छताच्या पंख्याची पाती नाहीशी झाली होती, मात्र मोटरमधील तांब्याच्या तारांचे वेटोळे आकार टिकवून होते. याचा अर्थ हॉलमध्ये छतालगतची हवा ६६० अंशांच्या वर निश्चित गेली, आणि ती तांबे वितळण्याइतकी बहुधा तापली नाही.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लाकडी देव्हाऱ्याचा कोळसा झाला होता, पण पितळी समई, घंटा आणि बाळकृष्ण यांच्या कडासुद्धा शाबूत होत्या. यावरून छताच्या तापमानाचा अंदाज बांधणे मात्र चुकीचे ठरेल, कारण आग लागलेल्या खोलीत कमरेच्या उंचीवरील आणि छताखालील तापमानात शेकडो अंशांचा फरक असू शकतो. म्हणून प्रत्येक वस्तू कोणत्या उंचीवर सापडली हे छायाचित्रासह नोंदवले. विमा कंपनीच्या सर्व्हेयरने पाहणी केल्यावर देव त्या कुटुंबाच्या स्वाधीन करण्यात आले.

वायरिंगमधील तांब्याच्या तारांना काही ठिकाणी गोल मणी आलेले दिसले. हे मणी केवळ उष्णतेने येतात तसे शॉर्टसर्किटच्या ठिणगीनेही येतात, त्यामुळे त्यांचा उपयोग तापमान ठरवण्यासाठी केला नाही. ते नमुने तसेच ठेवले असून आगीचे कारण शोधणे हा तपास यंत्रणांचा विषय आहे.

१९ जानेवारी

नवव्या मजल्याच्या छताला टेकू दिले. केवळ नवव्या मजल्यावर प्रॉप उभे केले असते तर वरचा भार आठव्या मजल्याच्या स्लॅबवर येऊन पडला असता, म्हणून आठव्या आणि सातव्या मजल्यावरही त्याच रेषेत प्रॉप लावून भार तीन स्लॅबमध्ये वाटून दिला. सातव्या मजल्यावरील रहिवाशांचा प्रश्न असा होता की आगीशी काडीचा संबंध नसताना त्यांच्या हॉलमध्ये लोखंडी खांबांची रांग कशासाठी. नकाशा काढून दाखवल्यावर त्यांनी संमती दिली.

२५ जानेवारी

वरच्या मजल्यांवर काजळी साफ करण्याचे काम सुरू झाले, आणि पहिल्याच दिवशी ते थांबवावे लागले. सफाईच्या कंत्राटदाराची माणसे पाइप लावून भिंती धूत होती. कोरडी काजळी आधी व्हॅक्यूमने आणि कोरड्या रबरी स्पंजने उचलायची, त्यानंतरच सौम्य अल्कधर्मी द्रावणाने पुसायचे, हा क्रम आहे. पाणी आधी लावले की काजळीतला तेलकट भाग प्लास्टरमध्ये मुरतो आणि मग रंगाचे कितीही हात दिले तरी पिवळे डाग वर येत राहतात. तेराव्या मजल्यावरील लॉबीची एक भिंत अशी धुतली गेली होती. तिचे प्लास्टर काढूनच टाकावे लागेल.

काजळीचा दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. केबलचे आवरण, पाइप आणि खोटे छत यांतील पीव्हीसी जळाले की हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो, आणि ओलाव्याशी संयोग झाला की त्याचे आम्ल बनते. ते थंड पृष्ठभागांवर साचते, लोखंडाला गंज आणते आणि लिफ्टच्या कंट्रोल पॅनेलमधील सर्किटे हळूहळू खाते. मुंबईच्या दमट हवेत ही क्रिया थांबत नाही. लिफ्टचे पॅनेल सुरू होत आहे म्हणून ते पुसून वापरावे, असा लिफ्ट देखभाल करणाऱ्यांचा आग्रह होता. आम्ही ते बदलण्याची शिफारस केली आणि विम्याच्या दाव्यात तसे नमूद केले. स्लॅब आणि कॉलममध्ये क्लोराइड किती खोल गेले आहे हे पाहण्यासाठी काँक्रीटची भुकटी वेगवेगळ्या खोलीवरून काढून प्रयोगशाळेकडे पाठवली.

५ फेब्रुवारी

बांधकामाच्या तपासणीचा पहिला टप्पा हातोडीचा होता. अनुभवी मिस्त्री हलक्या हातोडीने छत ठोकत जातो आणि जेथे खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येतो तेथे खडूने रेघ मारतो. हॉलच्या छताचा मधला बराचसा भाग आणि हॉल व बेडरूममधील बीमचा तळ बद्द निघाला. काही ठिकाणी कव्हर, म्हणजे सळयांना झाकणारा काँक्रीटचा थर, आधीच सुटून सळया उघड्या पडल्या होत्या. स्वयंपाकघराचे छत काळेभोर असूनही आवाजाला ठणठणीत होते.

काँक्रीट ३०० अंशांच्या पलीकडे तापले की त्याची ताकद कायमची घटू लागते, आणि परदेशी पाठ्यपुस्तकांत ही मर्यादा गुलाबी रंगावरून ओळखावी असे सांगितलेले असते. मुंबई परिसरात ही खूण जपून वापरावी लागते, कारण आपल्याकडची खडी काळ्या बेसॉल्टची असते आणि गारगोटीच्या खडीत उमटतो तितका स्पष्ट गुलाबी रंग तिच्यात उमटत नाही. बेसॉल्टची एक जमेची बाजू अशी की तापल्यावर तो गारगोटीइतका प्रसरण पावत नाही. क्वार्ट्झचे स्फटिक ५७३ अंशांना रूप बदलताना एकदम फुगतात आणि काँक्रीट आतून फोडतात. आपल्या काँक्रीटमध्ये क्वार्ट्झ येतो तो मुख्यतः नदीच्या वाळूतून, आणि १९९४ साली या इमारतीत नदीची किंवा खाडीची वाळूच वापरलेली असणार.

अल्ट्रासोनिक चाचणी कॉलम आणि बीमवर आरपार घेतली. ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगले आणि तीनच्या खाली असेल तर शंकास्पद, ही रूढ वर्गवारी येथे वापरली. स्लॅबवर दोन्ही यंत्रे एकाच बाजूला ठेवून घेतलेली मोजमापे मी स्वतः फारशी विश्वासार्ह मानत नाही. त्यामुळे स्लॅबसाठी कोअर, म्हणजे काँक्रीटमधून गोल कापून काढलेले नमुने, काढण्याचे ठरवले, आणि तुलनेसाठी आग न पोहोचलेल्या पाचव्या मजल्यावरूनही कोअर घेतले, कारण तीस वर्षांच्या इमारतीतील मूळचा कमकुवतपणा आगीच्या खात्यावर घालणे योग्य ठरणार नाही.

१४ फेब्रुवारी

प्रयोगशाळेचे अहवाल आले. मूळ आराखडा एम-२० प्रतीच्या, म्हणजे २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीच्या, काँक्रीटचा आहे. भारतीय मानक ४५६ नुसार कोअरची सरासरी ताकद अपेक्षित ताकदीच्या किमान ८५ टक्के असावी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नसावा, म्हणजे येथे १७ आणि १५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ही मर्यादा येते. पाचव्या मजल्याचे नमुने त्यात बसले. हॉलच्या छताचे नमुने बसले नाहीत. कोअरचे काप करून पाहिले असता खालचे साधारण चाळीस मिलिमीटर काँक्रीट ठिसूळ आणि फिकट पडलेले दिसले, त्याच्या वरचा भाग मात्र शाबूत होता. कॉलम बरेच चांगले राहिले आहेत. कोपरे फुटले आहेत, गाभा सुस्थितीत आहे. क्लोराइड कव्हरच्या बाहेरच्या थरातच आढळले.

खरी चिंता सळयांची आहे. या इमारतीत थंड अवस्थेत पीळ दिलेल्या टॉर सळया आहेत, आजच्या टीएमटी नाहीत. गरम अवस्थेत लाटलेले साधे पोलाद ६०० अंशांपर्यंत तापून थंड झाले तरी त्याची बहुतेक ताकद परत येते. टॉर सळईची वाढीव ताकद मात्र पीळ दिल्यामुळे आलेली असते, आणि ४५० अंशांच्या पुढे तापल्यावर ती कायमची जाते. वरवर सळई तशीच दिसते, वाकलेलीही नसते आणि तिच्यावरचा पीळही डोळ्यांना स्पष्ट दिसतो. हॉलच्या स्लॅबमधून कापून तपासलेल्या नमुन्यांत ताकद अपेक्षित ४१५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या बरीच खाली आली आहे. पंधरा-वीस मिलिमीटर कव्हर असलेल्या स्लॅबमध्ये हे अपेक्षितच होते. बीममध्ये कव्हर जास्त असल्याने तेथील सळया एक जागा सोडता वाचल्या आहेत.

निष्कर्ष असा की हॉल आणि लगतच्या बेडरूमचा स्लॅब मजबुतीकरणाच्या पलीकडे गेला असून तो पाडून नव्याने घालावा लागेल. बाकीचे स्लॅब, बीम आणि कॉलम दुरुस्त होऊ शकतात. बाराव्या ते चौदाव्या मजल्यापर्यंत, जेथे सर्वांत जास्त काळे दिसते, तेथे काँक्रीटचे काहीही काम नाही.

१८ फेब्रुवारी

विशेष सर्वसाधारण सभा झाली. खर्च कोणी आणि कसा द्यायचा, या एका विषयावर सभेचा बहुतेक वेळ गेला. जळालेल्या घराच्या मालकाने संपूर्ण खर्च द्यावा असे काही सदस्यांचे मत होते. संस्थेच्या वकिलांनी स्पष्ट केले की स्लॅब, बीम, कॉलम आणि डक्ट हे इमारतीचे सामायिक अंग आहे आणि त्याची दुरुस्ती संस्थेनेच करायची आहे. मालकाच्या निष्काळजीपणाचा प्रश्न तपासात सिद्ध झाला तर वसुलीचा मार्ग वेगळा आहे. त्यानंतर वाटणी समान की क्षेत्रफळानुसार, यावर दोन बेडरूम आणि एक बेडरूमवाल्यांत जुंपली. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड हे सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या प्रमाणात, अनुक्रमे किमान ०.७५ आणि ०.२५ टक्के वार्षिक, जमा करायचे असतात, तर सेवा शुल्क सर्वांना समान असते. दुरुस्तीचा खर्च पहिल्या प्रकारात मोडतो, हे सभेने अखेर मान्य केले.

४ मार्च

विमा सर्व्हेयरबरोबर दुसरी बैठक झाली. पॉलिसी चालू आहे आणि हप्ते भरलेले आहेत. तरीही विम्याची रक्कम कित्येक वर्षांपूर्वी ठरवलेली आहे आणि दरवर्षी तेवढ्याच रकमेवर नूतनीकरण होत आले. या पॉलिसीच्या अटींनुसार, इमारत आज नव्याने बांधायला जेवढा खर्च येईल त्याच्या साठ टक्केच विमा घेतलेला असेल, तर दहा लाखांच्या नुकसानीपोटी सहा लाखच मिळतात, आणि आंशिक नुकसानीलाही हाच हिशेब लागतो, हे समितीतल्या बहुतेकांना प्रथमच कळले. नुकसान झालेला भाग दहा लाखांचा आणि विमा त्याच्या कितीतरी पट, मग पूर्ण भरपाई का नाही, हा त्यांचा प्रश्न स्वाभाविक होता. विमा किती घ्यायचा हे ठरवताना जमिनीची किंमत धरायची नसते, बांधकामाचा आजचा दर धरायचा असतो. सदनिकेच्या आतले फर्निचर, खोटे छत आणि विजेची उपकरणे संस्थेच्या पॉलिसीत येत नाहीत. नवव्या मजल्यावरील कुटुंबाकडे घरगुती सामानाचा वेगळा विमा नव्हता.

२० मार्च

निविदा उघडल्या. सर्वांत कमी दराच्या कंत्राटदाराने स्लॅब न पाडता कार्बन फायबरचे पट्टे एपॉक्सीने चिकटवून मजबुतीकरण करण्याचा पर्याय दिला होता, ज्यात वेळ आणि पैसा दोन्ही वाचत होते. पर्याय तांत्रिकदृष्ट्या निराधार नाही, पण आम्ही तो नाकारला. नेहमीच्या एपॉक्सीची पकड साधारण ६० ते ८० अंशांनाच सैल पडू लागते, त्यामुळे पुन्हा कधी आग लागली तर सर्वांत आधी हेच मजबुतीकरण निकामी होईल. शिवाय चिकटवायला खाली भक्कम काँक्रीट लागते, आणि येथे खालचा थरच ठिसूळ झालेला आहे.

८ एप्रिल

स्लॅब पाडायला सुरुवात झाली. मोठे ब्रेकर वापरायला मनाई केली आहे, कारण त्यांच्या हादऱ्यांनी शेजारच्या चांगल्या स्लॅबला तडे जातात. आधी कडेने डायमंड कटरने काप घेऊन स्लॅब वेगळा करायचा, मग छोट्या चौकोनांत तोडून प्रत्येक तुकडा गोणीतून खाली न्यायचा. बीममधून बाहेर येणाऱ्या जुन्या सळयांची टोके पुरेशी लांब ठेवली असून, जेथे त्यांचा भरवसा नाही तेथे बीममध्ये भोके पाडून नव्या सळया एपॉक्सीने बसवल्या आहेत. हे एपॉक्सी काँक्रीटच्या आत खोलवर असल्यामुळे त्याला आगीची झळ बसण्याचा धोका छताला चिकटवलेल्या पट्ट्यांइतका नाही.

गुढीपाडव्यामुळे उद्या काम बंद राहील.

२९ एप्रिल

हॉल आणि बेडरूमचा नवीन स्लॅब आज भरला. काँक्रीट पंपाने नवव्या मजल्यापर्यंत नेणे शक्य होते, परंतु आवारात पंप उभा करायला जागा मिळेना, म्हणून हॉइस्टने काम करावे लागले. दिवसाचा उन्हाळा टाळण्यासाठी सायंकाळी सुरुवात करून रात्री उशिरापर्यंत काम चालले, याबद्दल आठव्या मजल्यावरून तक्रार आली आणि ती रास्त होती. तळाचे कव्हर यावेळी पंचवीस मिलिमीटर ठेवले आहे. पाच-दहा मिलिमीटरचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, आगीत मात्र सळयांना तेवढाच जास्त वेळ मिळतो.

१८ मे

बीम आणि कॉलमच्या दुरुस्तीचे काम अर्ध्यावर आले आहे. ठिसूळ काँक्रीट हातछिन्नीने काढून, सळया वायर ब्रशने घासून, त्यांवर गंजरोधक लेप देऊन, नवीन सळया बांधून आणि साचा लावून मायक्रो काँक्रीट ओतले जात आहे. सोमवारी, २० तारखेला, मुंबईत मतदान असल्यामुळे काम बंद आहेच, पण बंगाल आणि उत्तर प्रदेशातील बरेच कामगार मतदानासाठी गावी गेले आहेत आणि ते जूनपूर्वी परतणार नाहीत. बाहेरच्या बाजूचे प्लास्टर पावसाआधी पूर्ण करण्याचे वेळापत्रक यामुळे कोलमडले. उघड्या भागावर तात्पुरता सिमेंटचा लेप देऊन वर ताडपत्री लावण्याचे ठरले.

१ जून

या प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाचे काम माझ्या मते स्लॅबचे नसून डक्टचे आहे, आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जात होते. प्रत्येक मजल्यावर लिफ्टसमोर दोन पल्ल्यांचे प्लायवूडचे दार असलेले एक अरुंद कपाट आहे. त्यातून विजेच्या मुख्य केबल, टेलिफोन, केबल टीव्ही आणि इंटरनेटच्या तारा तळापासून गच्चीपर्यंत जातात. मजल्यामजल्यावर स्लॅबमध्ये मूळ बांधकामाच्या वेळी सोडलेली भोके तशीच उघडी होती, त्यामुळे तो डक्ट म्हणजे चौदा मजली धुराडे झाला होता. शिवाय काही मजल्यांवर त्या कपाटात झाडू, चपलांचे स्टँड, जुनी वर्तमानपत्रे आणि रंगाचे डबे ठेवलेले होते. नवव्या मजल्यावरील आग घराबाहेर पडून डक्टपर्यंत आल्यावर पुढचे काम या भोकांनी केले.

राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत अशा डक्टची भोके प्रत्येक मजल्यावर अग्निरोधक पदार्थाने बंद करण्याची आणि दारेही अग्निरोधक असण्याची अपेक्षा स्पष्ट आहे. कंत्राटदाराच्या इलेक्ट्रिशियनने नव्या केबल ओढल्यावर भोके पिवळ्या पीयू फोमने भरायला सुरुवात केली होती. हार्डवेअरच्या दुकानात कॅनमध्ये मिळणारा हा साधा फोम स्वतःच पेट घेतो. त्याचा एक तुकडा कापून गच्चीवर काडी लावून दाखवला. तो पेटून थेंब थेंब गळू लागल्यावर पुढे वाद झाला नाही. सर्व फोम काढून आता प्रत्येक भोकात अग्निरोधक मॉर्टर आणि केबलभोवती तापल्यावर फुगणारे सीलंट भरले जात आहे, आणि प्रत्येक मजल्यावरील सीलवर तारीख आणि सही असलेली पट्टी लावली जात आहे. उद्या इंटरनेटवाला नवी तार ओढण्यासाठी सील फोडेल तेव्हा ते कळावे, हा त्यामागचा हेतू आहे. नवीन केबल कमी धूर सोडणाऱ्या आवरणाच्या आहेत आणि दारे दोन तासांच्या अग्निरोध क्षमतेची, आपोआप बंद होणारी बसवायची आहेत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगाव पश्चिमेला एका पुनर्वसन इमारतीत पार्किंगमध्ये लागलेल्या आगीचा धूर वर चढून माणसे दगावली. तेव्हा आग खालच्या थरातच होती, वरच्या घरांना धुराने गाठले. त्या घटनेचे उदाहरण समितीच्या बैठकीत दिल्यावर डक्टच्या दारांच्या वाढीव खर्चाला मंजुरी मिळाली.

१० जून

पाऊस आला. ताडपत्री टिकली. नवव्या मजल्यावर कोठेही गळती नाही.

१७ जून

अग्निशमन यंत्रणेची तपासणी झाली. आगीच्या रात्री जवानांनी इमारतीच्या वेट रायझरला, म्हणजे आगीसाठी पाण्याने भरून ठेवलेल्या उभ्या नळाला, पाइप जोडला तेव्हा पाण्याचा दाब आला नव्हता, आणि त्यांना रस्त्यावरील बंबातूनच पाणी वर चढवावे लागले, असे रहिवासी सांगतात. कारण आज सापडले. मुख्य वीजपुरवठा तोडल्यावर विजेचा पंप बंद पडणे स्वाभाविक आहे, मात्र पर्यायी डिझेल पंपाची बॅटरी पूर्ण उतरलेली होती आणि तिच्या चार्जरची तार उंदरांनी कुरतडलेली होती. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून दर जानेवारी व जुलैमध्ये फॉर्म बी, म्हणजे अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, द्यावा लागतो. या इमारतीचे मागील फॉर्म फायलीत नीट लावलेले आहेत. पंप प्रत्यक्ष सुरू करून पाहिल्याची नोंद मात्र कोठे नाही. विजेचा पंप बंद ठेवून डिझेल पंप आपोआप सुरू होतो का आणि गच्चीवरच्या हायड्रंटला किती दाब मिळतो, हे दोन्ही आकडे यापुढे दर महिन्याला वहीत लिहिण्याची जबाबदारी पंपचालकावर दिली. वहीची पाने आम्हीच आखून दिली.

९ जुलै

काल पहाटे मुंबईत काही भागांत सहा तासांत तीनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. आवारात पाणी भरले आणि लिफ्टच्या खड्ड्यात गेले. आगीच्या रात्रीही वरून ओतलेले पाणी याच खड्ड्यात साचले होते, तेव्हापासून तेथे पंप बसवण्याचा प्रस्ताव प्रलंबित होता. आज तो मंजूर झाला.

२९ जुलै

नवीन स्लॅबची भार चाचणी घेतली. मानक ४५६ नुसार, स्लॅबचे स्वतःचे वजन धरून, त्यावर नेहमीच्या वापराच्या भाराच्या सव्वापट भार चोवीस तास ठेवायचा असतो. निवासी खोलीसाठी हा वापराचा भार चौरस मीटरला साधारण २०० किलो धरला जातो, म्हणून वाळूच्या गोण्या रचून तो २५० किलोपर्यंत नेला आणि अजून न घातलेल्या फरशीच्या वजनाइतक्या गोण्या त्यात आणखी भरल्या. खालून डायल गेज लावून वाक मोजला. भार काढल्यानंतर चोवीस तासांत वाक किमान ७५ टक्के भरून निघायला हवा. तो त्याहून बराच जास्त भरून निघाला. दहाव्या मजल्यावरील काका दोन्ही दिवस गोण्या मोजायला हजर होते. स्लॅब त्यांच्याच हॉलचा असल्यामुळे त्यांना आकडे समजावून सांगितले, आणि त्यांनी अहवालाची एक प्रत स्वतःच्या सदनिकेच्या कागदपत्रांत ठेवण्यासाठी मागून घेतली. फरशी झाल्यावर त्यांना घराचा ताबा मिळेल.

२४ ऑगस्ट

विद्युत निरीक्षकांची तपासणी आणि वीज कंपनीची चाचणी होऊन मुख्य पुरवठा जोडला गेला. तात्पुरती जोडणी काढून टाकली. दहाव्या मजल्याचा ताबा आज दिला, म्हणजे गणपतीसाठी ते कुटुंब घरी असेल. नवव्या मजल्याचे घर अजून केवळ भिंती, प्लास्टर आणि खिडक्यांच्या अवस्थेत आहे. आतली सजावट मालकाने करायची आहे. त्यासाठी संस्थेने दोन अटी घातल्या आहेत : स्लॅब व बीमचे कव्हर फोडून छतात हूक किंवा वायरिंगचे खाचे पाडता येणार नाहीत, आणि सदनिकेचे मुख्य दार अग्निरोधकच बसवावे लागेल. पहिली अट सर्वच सदनिकांना लागू करावी अशी आमची सूचना आहे.

खिडक्यांबाहेरील बॉक्स ग्रिलबाबत मात्र समितीने निर्णय पुढे ढकलला. नवव्या मजल्यावरचे ग्रिल आगीच्या वेळी आतून उघडण्याची सोय नव्हती, आणि शिडीवरून आलेल्या जवानांना ते कापावे लागले. प्रत्येक ग्रिलमध्ये आतून उघडणारी झडप ठेवावी, हा ठराव चोरीच्या भीतीने दोनदा फेटाळला गेला आहे.

१२ नोव्हेंबर

बाहेरचे प्लास्टर आणि रंग दिवाळीनंतर सुरू झाला असून महिनाअखेर पूर्ण होईल. डक्टच्या दारांपैकी तळमजल्यावरील एक दार फरशीला घासते, त्यामुळे ते आपोआप बंद होत नाही आणि वॉचमनने ते विटेने अडकवून उघडे ठेवले होते. वीट काढून दार तासून घेतले. कंत्राटदाराच्या अनामत रकमेपैकी पाच टक्के रक्कम पुढील पावसाळ्यानंतर, बाहेरच्या भिंतींची ओल तपासूनच द्यायची आहे. विम्याचा दावा मंजूर झाला असून कमी विम्यामुळे झालेल्या वजावटीवर संस्थेने हरकत घेतलेली आहे; लिफ्टच्या पॅनेलची रक्कम पूर्ण मान्य झाली. ग्रिलचा ठराव जानेवारीच्या सभेत तिसऱ्यांदा मांडायचा आहे, त्यासाठी झडपेचा नमुना बनवून आठव्या मजल्यावरील एका सदस्याच्या खिडकीला त्यांच्या संमतीने बसवला आहे.